साने गुरुजी : स्थिर जागा आणि मोठा हेतू

मुलास नोकरी लागली म्हणजे खेड्यातील घरात मोठा आनंद होतो. शाळेत मास्तराची जागा मिळो, रेल्वेत मिळो, अथवा आमच्या दीपनगरासारख्या ठिकाणी वीजकेंद्रात मिळो; आईबापांस वाटते की मुलाचे बस्तान बसले, आता काळजी मिटली. या आनंदात दोष काही नाही. स्वतःच्या श्रमाची भाकर खाणे व घरच्या माणसांस आधार देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. परंतु त्यापुढे एक प्रश्न उभा राहतो व तो पुष्कळजण मनात येऊच देत नाहीत. पंचविशीत जे मिळाले तेवढ्यावरच सारे आयुष्य संपवावयाचे, की त्या जागेवर पाय रोवून आणखी दूर दृष्टी टाकावयाची?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या आयुष्याने दिले असे एक गृहस्थ आपल्या खानदेशात होऊन गेले. भुसावळाहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जळगाव व धरणगाव मागे टाकले की अमळनेर लागते. तेथील शाळेत ते शिक्षक होते. पांडुरंग सदाशिव साने हे त्यांचे नाव. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो. त्यांना जाऊन आता पाऊणशे वर्षे झाली. त्यांचे नाव ठाऊक नाही असे घर मराठी मुलुखात क्वचितच असेल. परंतु नाव ठाऊक असणे निराळे व चरित्र ठाऊक असणे निराळे. म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बाळपण व शिक्षण

रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातील पालगड या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे खोतांचे. आजोबांच्या काळी घरात सुबत्ता होती. पण वडील सदाशिवराव यांच्या काळी ती ओसरली. कर्ज वाढत गेले, आणि शेवटी राहत्या घरावर जप्ती येण्याची पाळी आली. मोठेपणाची आठवण शिल्लक आहे, पण पदरी काही नाही, अशा घरात हा मुलगा वाढला. आई यशोदाबाई शिकलेली नव्हती. तरीपण लहानसहान कामांतून खरे बोलावे, दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, कोणासही हलके लेखू नये, हे धडे तिने मुलास दिले. ते धडे पुढे सगळ्या महाराष्ट्राने वाचले. ती हकीगत पुढे येईल.

प्राथमिक शिक्षण पालगडास झाल्यावर काही काळ ते पुण्यास मामांकडे राहिले. पण तेथे मन रमले नाही. नंतर ते दापोलीच्या मिशन शाळेत शिकले. संस्कृत व मराठी या विषयांत त्यांची बुद्धी तेथेच दिसून आली. पण घरची स्थिती इतकी खालावली की शाळा सोडून कोठे तरी चाकरी धरावी, असे त्यांच्या मनात येऊ लागले. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ही गोष्ट घडली असेल. त्या वयात हाती आलेली चाकरी धरली असती तर कोणी नाव ठेविले नसते.

त्यांनी दुसरा मार्ग धरिला. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांस फुकट शिक्षण व जेवण मिळते असे कळले, तेव्हा ते औंधास गेले. तेथेही हाल सोसावे लागले, आणि प्लेगची साथ आल्यामुळे मुलांना घरी पाठविण्यात आले. घरी असताना एका रात्री आईबापांचे बोलणे त्यांच्या कानी पडले. मुलाला खरोखरच शिकावयाचे आहे की काय, अशी शंका वडील बोलून दाखवीत होते. ती शंका त्यांच्या जिव्हारी लागली. ते तडक पुण्यास गेले व नूतन मराठी विद्यालयात त्यांनी नाव घातले. पुण्यात ते अर्धपोटी राहून शिकले. ते शिकत असतानाच १९१७ साली इकडे आई वारली. १९१८ साली ते मॅट्रिक झाले, आणि पुढे न्यू पूना कॉलेजातून पदवीधर होऊन एम. ए. पर्यंत पोचले.

अमळनेरची शाळा

अमळनेरास प्रतापशेठ यांच्या उदार आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले होते. तेथे अभ्यास करण्याच्या हेतूने साने खानदेशात आले. पण ग्रंथांतील चर्चेपेक्षा जिवंत मुलांकडे त्यांचे मन अधिक ओढ घेई. त्याच गावच्या शाळेत, जी पुढे प्रताप हायस्कूल या नावाने प्रसिद्ध झाली, १९२४ साली त्यांनी शिक्षकाची जागा पत्करिली. वय अवघे चोवीस वर्षांचे. हातात एम. ए. ची पदवी. त्या काळी अशा तरुणास मोठ्या शहरात अधिक पगाराची जागा मिळणे अवघड नव्हते. पण पूर्व खानदेशातील शेतकऱ्यांच्या मुलांस शिकविणे त्यांना अधिक मोलाचे वाटले.

लवकरच वसतिगृहाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. वसतिगृहाचे प्रमुख म्हणजे हुकूम करणारा व छडी घेऊन फिरणारा मनुष्य, अशी तेव्हा सर्वत्र समजूत होती. येथे मुलांनी निराळेच पाहिले. मुलांच्या खोल्या झाडलेल्या असत, अंथरुणे घडी करून ठेवलेली असत, कपडे धुतलेले असत. आणि हे करणारा गडी नसून स्वतः शिक्षक असे. कोणी आजारी पडला तर रात्री उशाशी बसून तेच शुश्रूषा करीत. पगारातील बराच भाग गरीब मुलांच्या उपयोगी पडे. आपले काम शिक्षकाने करावे याची लाज वाटून मुले हळूहळू स्वतःच ती कामे करू लागली. रागावून जे झाले नसते ते असे झाले.

वसतिगृहातील मुलांसाठी ते आपल्या हाताने एक दैनिक लिहून काढीत. त्याचे नाव ‘छात्रालय’. त्यात देशोदेशीच्या बातम्या, थोरांची चरित्रे, चार विचाराच्या गोष्टी असत. छापखाना नाही, मदतनीस नाही. दिवसभर शिकवावयाचे आणि दुसऱ्या दिवसाचा अंक लिहावयाचा, असा क्रम. पुढे १९२८ साली ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही त्यांनी सुरू केले.

आमच्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. मोठा हेतू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठी सभा, मोठा अधिकार, दूरचा देश येतो. येथे काय आहे? एका लहान गावची शाळा, झाडू, धुण्याची बादली व कागदाचा ताव. नेमून दिलेले काम एवढे व केलेले काम त्याच्या चौपट, एवढाच त्या दिवसांचा विशेष. पुढे जे जे त्यांच्या हातून झाले त्याची तयारी या सहा वर्षांत झाली, असे आम्हांस वाटते. जो मनुष्य लहान जागा कंटाळून टाकून देतो त्याच्या हाती मोठे कामही टिकत नाही.

जागेचा त्याग

१९३० साली १२ मार्च रोजी महात्मा गांधी साबरमतीहून दांडीस निघाले, आणि ६ एप्रिल रोजी त्यांनी मिठाचा कायदा मोडला. देशभर खळबळ उडाली. साने तेव्हा तीस वर्षांचे होते. शाळेत त्यांचा मान होता, मुलांचे प्रेम होते, दरमहाचा पगार होता. मुलांना सोडून जाणे त्यांना सोपे गेले नाही. कारण ती मुले हाच त्यांचा संसार होता. त्यांनी लग्न केले नव्हते. तथापि वर्गात देशभक्तांची चरित्रे शिकवावयाची आणि बाहेर प्रत्यक्ष प्रसंग आला असता आपण जागेवर बसून राहावयाचे, हे त्यांच्या मनास पटेना. एप्रिलच्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर पुन्हा त्यांनी पगाराची नोकरी कधीच धरली नाही.

गावोगाव व्याख्याने देत फिरत असता मे महिन्यात त्यांना अटक झाली व धुळ्याच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. तेथून त्यांना दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पाठविण्यात आले. परका मुलूख, परक्या भाषा. दुसरा कोणी दिवस मोजीत बसला असता. यांनी दक्षिणेतील सोबत्यांपासून तमिळ भाषा शिकण्यास आरंभ केला, आणि तमिळांचा ‘कुरळ’ हा प्राचीन ग्रंथ पुढे मराठीत आणिला. भारतातील प्रांतांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी जावे, एकमेकांचे चांगले घ्यावे, या ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे बीज त्या तुरुंगात पडले.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. त्याच वेळी विनोबा भावेही तेथे होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी बंदिवानांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी समोर बसून भराभर लिहून घेत. विनोबा बोलले ते हवेत विरून गेले नाही, याचे श्रेय या लेखणीकडे जाते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक पुढे भारताच्या अनेक भाषांत गेले. दुसऱ्याचे शब्द नीट जतन करून ठेवण्याच्या कामात आपले नाव कोठे दिसेल याचा विचार त्यांनी केला नाही.

त्यानंतर ते नाशिकच्या तुरुंगात होते. तेथे १९३३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, ९ तारखेपासून १३ तारखेच्या पहाटेपर्यंत, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. दिवसा तुरुंगाचे काम असे; त्यातून सुटलेला वेळ व रात्र एवढीच लिहिण्यास मोकळी. पालगडच्या त्या गरीब माउलीचे धडे अशा रीतीने कागदावर उतरले. १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले व घरोघर गेले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला, आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रथम मिळविण्याचा मान त्या चित्रपटास लाभला. १९३० ते १९४७ या काळात गुरुजी आठ वेळा पकडले गेले. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक, येरवडा, जळगाव अशा निरनिराळ्या तुरुंगांत मिळून सुमारे साडेसहा वर्षे त्यांनी काढली.

फैजपूर व खानदेशची सेवा

दीपनगरहून तापी ओलांडून पलीकडे गेले की यावल तालुक्यात फैजपूर आहे. तोपर्यंत काँग्रेसची अधिवेशने शहरांतच भरत आली होती. खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन या फैजपूरचे. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी ते भरले व जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. बांबूंची कमान व मंडप यांची रचना शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी केली होती. खेड्यात एवढा समुदाय जमावयाचा म्हणजे अन्न, पाणी व स्वच्छता यांचा केवढा भार! गुरुजींनी आधी गावोगाव हिंडून लोकांस जागे केले, आणि अधिवेशनात झाडणे व मैला वाहून नेणे ही कामे पत्करिली. व्यासपीठावर बसण्याची योग्यता असलेल्या मनुष्याने ते काम हाती घ्यावे, हे पाहून अनेक तरुणांच्या मनातील उच्चनीचपणा गळून पडला. अमळनेरच्या वसतिगृहात हाती घेतलेला झाडू तेथेही त्यांच्या हाती होता.

१९३८ साली अमळनेराहून त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढिले. पूर्व खानदेशात पिके बुडून शेतकरी नाडला गेला तेव्हा सारा माफ व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली. चाळीसगाव, धुळे व अमळनेर येथील गिरणीकामगारांच्या संघटना उभारण्यातही त्यांचा हात होता. १९४२च्या चळवळीत ते भूमिगत राहून काम करीत होते. पुढे पकडले गेले.

पंढरपूरचे दार

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काम अजून राहिले होते. स्वराज्य जवळ आल्याची चिन्हे दिसू लागली होती. ज्यांनी तुरुंगवास भोगला त्यांस आता मान व पदे मिळण्याचे दिवस आले. गुरुजींची दृष्टी भलतीकडेच होती. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य मानलेल्या जनांस प्रवेश नव्हता. ज्या देवाच्या भक्तांत चोखामेळ्यासारखे संत झाले, त्याच देवाच्या दारात चोखामेळ्याच्या जातभाईंस बाहेर उभे राहावे लागे. देश स्वतंत्र होत असता हे दार बंदच राहावे, ही गोष्ट त्यांना सहन होईना.

त्यांनी प्रथम लोकांकडे धाव घेतली. काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. सेनापती बापट यांचे पाठबळ होते. गाणी गाणारे तरुण बरोबर होते. गावोगाव विहिरी व मंदिरे सर्वांस खुली करण्याची विनंती ते करीत. पुष्कळ ठिकाणी ती मान्य झाली; पण पंढरपूरचे दार उघडेना. तेव्हा १ मे १९४७ रोजी पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपवास आरंभिला. महात्मा गांधींना जी माहिती पोचली होती तीवरून त्यांना हा उपवास योग्य वाटला नाही व तो सोडावा असे त्यांनी कळविले. ज्यांच्या हाकेसरशी नोकरी सोडली त्यांचाच हा सल्ला! गुरुजींच्या मनास केवढे क्लेश झाले असतील याची कल्पनाच करावी. परंतु प्रत्यक्ष स्थिती आपण पाहत आहोत अशी त्यांची खात्री होती, म्हणून त्यांनी नम्रपणे उपवास चालूच ठेविला. दादासाहेब मावळंकर मध्यस्थीस आले, बडवे मंडळींनी संमती दिली, आणि दहाव्या दिवशी उपवास सुटला. मंदिराचे दार सर्वांस मोकळे झाले.

शेवटची वर्षे

स्वराज्य आले. गुरुजींनी कोणतेही अधिकारपद मागितले नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. हे पाप आपल्या प्रांतातील माणसांच्या हातून घडले याचे दुःख त्यांना इतके झाले की प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकवीस दिवस उपवास केला. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी त्यांनी ‘साधना’ हे साप्ताहिक सुरू केले. ते अजूनही पुण्याहून निघते. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांनी लोकांपुढे मांडली.

पण मन थकत चालले होते. स्वराज्यात द्वेष कमी होईल, गरिबांचे दैन्य सरेल, अशी जी आशा धरून त्यांनी सर्वस्व दिले होते, ती फळास येताना दिसेना. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी आपल्याच हाताने आपले जीवन संपविले. वय पन्नास वर्षांचे.

ही गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. चरित्र सांगावयाचे तर ते सगळेच सांगितले पाहिजे. त्यांचा न्याय करण्यास आम्ही बसलो नाही. इतरांचे दुःख वर्षानुवर्षे आपल्या छातीवर घेणाऱ्या मनुष्याचे मन किती दुबळे होऊन जाते हे बाहेरच्यांस कळत नाही. तथापि त्यांचा तो शेवट अनुकरण करण्याचा नव्हे, हेही आम्ही स्पष्ट म्हणतो. त्यातून आपल्यास एक शिकावयाचे आहे. आपल्या मंडळीत, शाळेत किंवा गावात जो सर्वांसाठी राबतो त्याची विचारपूस कोण करतो? तो हसतमुख असतो म्हणून त्यास काही दुखत नाही असे आपण समजतो. गुरुजींनी आजारी मुलांच्या उशाशी रात्री काढल्या. तसे कोणी तरी सेवकांच्याही उशाशी बसले पाहिजे. आणि ज्याच्या स्वतःच्या मनात अंधार दाटून येतो त्याने तो एकट्याने सोसू नये. घरच्या माणसांजवळ, मित्राजवळ, डॉक्टरजवळ बोलावे. मोठ्या हेतूस लागलेल्या माणसास विश्रांती व सोबती यांची गरज असते, आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

आपण काय घ्यावे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सर्वांनी नोकऱ्या सोडाव्या असे या चरित्राचे सांगणे नाही. साने गुरुजींना बायकोमुले नव्हती. आपल्यापैकी बहुतेकांस आहेत, व त्यांना उपाशी ठेवून कोणी मोठा होत नाही. परंतु गुरुजी राजीनामा देण्यापूर्वीची सहा वर्षे आपणांस आठवावयाची आहेत. तेव्हा ते तुमच्याआमच्यासारखेच पगारी नोकर होते. त्या सहा वर्षांत त्यांनी जे केले ते करण्यास राजीनाम्याची गरज पडली नाही. नेमलेल्या तासापेक्षा एक तास अधिक, आपल्या पोरांबरोबर दुसऱ्याच्या एका पोराची फी, हलके मानलेल्या कामास आपला हात, एवढ्यापासून कोणासही आरंभ करता येईल. मग एखादे दिवशी मोठी हाक आलीच तर पाय तयार असतील. न आली तरी आयुष्य वाया गेले असे म्हणण्याची पाळी येणार नाही.

आमच्या दीपनगरच्या केंद्रातून वीज निघते व तारांवरून दूरच्या घरी दिवा लागतो. तो कोणाच्या घरी लागला हे येथील कामगारास ठाऊक नसते. अमळनेरच्या वसतिगृहातील दिव्याखाली उद्याचा अंक लिहीत बसलेल्या तरुण शिक्षकासही आपला उजेड कोठवर जाईल हे ठाऊक नव्हते. या आठवड्यात ज्या कुटुंबात कोणास नवी जागा मिळाली असेल त्यांचे आम्ही अभिनंदन करितो. त्या घरी पेढे वाटून झाल्यावर हे चरित्र एकदा मोठ्याने वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे.